लस घेतली, सीरम राहिलं: कुत्रा चावल्यानंतरचे तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न कुत्रा-मांजर चावण्याबद्दलचे आहेत. त्यातला पहिला फोनवर संदेश म्हणून आला. त्याचं उत्तर मी अंकाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी दिलं होतं. त्या आईच्या परवानगीने प्रश्न आणि उत्तर दोन्ही इथे देते आहे, कारण तिच्यासमोर आलेला पेच उद्या गोव्यातल्या कुठल्याही घरात येऊ शकतो. उत्तर मात्र छापताना पुष्कळ वाढवलं आहे. त्या संध्याकाळी तिला सगळं ऐकवण्यापेक्षा घराबाहेर काढणं जास्त गरजेचं होतं.

प्रश्न: डॉक्टरबाई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, वजन १८ किलो. रविवारी संध्याकाळी देवळाकडे खेळत असताना एका भटक्या कुत्र्याने त्याचा उजवा हात धरला. दोन बोटांना दात खोल लागले. गालावर नखाचा ओरखडा आहे, त्यातूनही रक्त आलं. सासूबाईंनी लगेच जखमेत हळद भरली. रात्री दवाखान्यात नेलं तर लस दिली आणि 'सीरमसाठी मोठ्या इस्पितळात जा' असं चिठ्ठीवर लिहून दिलं. घरी सगळे म्हणाले, लस मिळाली ना, मग पोराला आणखी सुया कशाला? बुधवारी दुसरी लसही झाली. कुत्रा त्या दिवसापासून दिसलेला नाही. आज गुरुवार. आता सीरम देऊन उपयोग आहे का, की वेळ निघून गेली? — एक आई, डिचोली तालुका

उत्तर: वेळ गेलेली नाही, पण उद्यावर टाकू नका. आजच निघा. जाण्याआधी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात फोन करून 'रेबीजचं सीरम आहे का' एवढं विचारा. जिथे असेल तिथे जा. जाताना लसीचं कार्ड आणि ती चिठ्ठी बरोबर ठेवा.

पहिली लस ज्या दिवशी घेतली, त्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. तुमच्या मुलाची पहिली लस रविवारची, म्हणजे येत्या रविवारपर्यंत मुदत आहे. पण मुदत आहे म्हणून ती पुरती वापरायची नसते. सीरम खरं तर पहिल्या लसीबरोबर, त्याच दिवशी द्यायचं असतं.

घरातल्यांचा प्रश्न चुकीचा नाही. लस दिल्यावर आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की लस टोचल्याबरोबर संरक्षण सुरू होत नाही. लस शरीराला विषाणूची ओळख करून देते, मग शरीर स्वतःचे प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला निकामी करणारे रक्तातले घटक, बनवायला घेतं आणि ते पुरेसे तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. सीरममध्ये ते प्रतिपिंड आयते असतात. लस म्हणजे आपल्या चुलीवर भात चढवणं आणि सीरम म्हणजे भात होईपर्यंत शेजारणीने आणून दिलेली पेज. पेजेवर कायमचं भागत नाही, तीन-चार आठवड्यांत सीरमचा जोर ओसरतो, म्हणून लसीचे सगळे डोस घ्यायचेच. पण भात शिजेपर्यंत पोर उपाशी ठेवायचं नसतं.

आणि ते मधले दिवस साधे नसतात. कुत्र्याच्या लाळेतून आलेला विषाणू जखमेत असतो. तिथून तो आसपासच्या मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या आतून मेंदूकडे सरकतो. एकदा तंतूच्या आत गेला की रक्तातले प्रतिपिंड त्याला गाठू शकत नाहीत. म्हणून त्याला जखमेतच अडवावा लागतो. बोटांची टोकं आणि चेहरा या दोन ठिकाणी मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, आणि चेहऱ्यापासून मेंदू तर हाकेच्या अंतरावर. मूल लहान असलं की ही सगळीच अंतरं आणखी कमी होतात. तुमच्या मुलाला लागलंय ते नेमकं या दोन जागी. त्याला कुणी 'थोडंसं लागलंय' म्हटलं तर ऐकू नका.

सीरमने फरक पडतो हे फार पूर्वी दिसलेलं आहे. १९५४ साली इराणमधल्या एका गावात पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत बरीच माणसं फाडली. डोक्याला जबर जखमा झालेले अठरा जण होते. त्यातल्या पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तिघे दगावले. तेरा जणांना लसीबरोबर सीरम दिलं, त्यातला एक दगावला. तेव्हाची लस आजच्या मानाने कमी प्रतीची होती हे खरं, पण खोल जखमेला लस आणि सीरम दोन्ही द्यायचं हा आजचा नियम त्या अनुभवातून पुढे आला.

आता सीरम देतात कसं ते सांगते, कारण इथेच पालक घाबरतात आणि कधी कधी इथेच काम अर्धवट राहतं. सीरम दंडात किंवा कमरेत टोचून भागत नाही. ते जखमेतच भरायचं असतं. बारीक सुईने जखमेच्या कडांतून, आत आणि भोवताली, थोडं थोडं सोडत जातात. गालावरच्या ओरखड्याला ते सोपं असतं. बोटाचं तसं नाही. तिथे मांस कमी, जागा घट्ट. जोर लावून भरलं तर बोट फुगून रक्त अडू शकतं. म्हणून हळूहळू, बोट पांढरं पडत नाही ना हे बघत, मावेल तेवढंच घालायचं. मूल रडणार. एका माणसाने मनगट धरायचं, एकाने डोकं छातीशी घ्यायचं. डोकं धरायला आईच असावी असं माझं मत आहे. पुष्कळ इस्पितळांत आईला बाहेर थांबवतात. तुम्ही आत राहण्याची विनंती करा.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेलं सीरम किलोला ४० आययू (औषधाची ताकद मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), माणसाच्या रक्तापासून बनवलेलं किलोला २० आययू. १८ किलोच्या मुलाला घोड्याचं ७२० आययू होतं. बाटलीवर मिलीला ३०० आययू लिहिलेलं असेल तर ते साधारण अडीच मिलीच्या आत बसतं. ही कमाल मात्रा. त्यापेक्षा जास्त द्यायची नाही, कारण सीरमचा अतिरेक झाला तर लसीच्या कामात अडथळा येतो. जखमा पुष्कळ असल्या आणि सीरम पुरेना, तर सलाईन मिसळून ते वाढवतात आणि प्रत्येक जखमेला पोचवतात. दोन बोटं आणि गाल, तिन्ही जागी सीरम गेलं पाहिजे. हे डॉक्टरांना माहीत असतंच, पण तुम्हीही तीन जखमा बोट दाखवून सांगा. गालावरचा ओरखडा चार दिवसांत सुकतो आणि गर्दीच्या वेळी नजरेतून सुटतो.

हळदीबद्दल. सासूबाईंनी मायेनेच लावली, त्यांना बोल लावू नका. पण जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुतलीच नसेल, तर निघण्याआधी आता धुवा. चौथ्या दिवशीही धुण्याचा उपयोग असतो. नळाखाली हात धरून, साबण लावून, पूर्ण पंधरा मिनिटं. घड्याळ लावून धुवा, कारण रडणाऱ्या मुलाजवळ उभं राहिलं की दोन मिनिटंही पंधरा वाटतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक चालेल. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू यातलं काहीही जखमेत जाता कामा नये. त्याने विषाणू मरत नाही, जखम चिघळते आणि सीरम भरायला त्रास होतो.

(त्या रात्री मुलाला सीरम मिळालं. पुढच्या लशी ठरल्या तारखांना झाल्या. तो बरा आहे.)

इथे सर्वांसाठी एक गोष्ट जोडते. चावल्याची जखम लगेच टाके घालून बंद करू नये. टाक्याच्या सुईने विषाणू आणखी आत ढकलला जाऊ शकतो. चेहरा फाटला असेल, टाके घालणं भागच असेल, तर आधी सीरम, मग काही तासांनी सैल टाके. घाईघाईने कुणी टाके घालायला निघालं तर 'आधी सीरम द्याल का' हे विचारायला लाजू नका.

प्रश्न: आमची गाय दोन दिवस चारा खाईना, तोंडातून लाळ गळत होती, सारखी हंबरत होती. घशात काही अडकलं असेल म्हणून मी तोंडात हात घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती मेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, रेबीज असावा. काजूच्या दिवसांत माझ्या हातांना भेगा पडलेल्या असतात. हे होऊन आठ दिवस झाले. मला काही चावलेलं नाही. घरात सगळ्यांनी त्या गायीचं दूध घेतलं आहे. — एक शेतकरी, सत्तरी

उत्तर: तुम्हाला लस आणि सीरम दोन्ही लागेल, आणि आजच.

चावा नसला तरी भेगाळलेल्या हाताला त्या लाळेचा स्पर्श झाला, म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर वर्गातला संपर्क झाला. तुटलेल्या कातडीवर लाळ लागणं किंवा डोळ्यात, तोंडात लाळ उडणं हे खोल चाव्याइतकंच गंभीर धरतात. घशात काही अडकलंय समजून गुराच्या तोंडात हात घालणं हे आपल्याकडे नेहमीचं. तुमच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण यापुढे गुरं राखणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं: गाय-म्हैस गिळेनाशी झाली, लाळ गाळू लागली, आवाज बदलून हंबरू लागली, तर हात घालण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. गुरांना हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो, आणि तो चावा गोठ्यात कुणी पाहिलेला नसतो.

आठ दिवस झाले म्हणून सीरमची वेळ टळली, असं तुम्हाला कुणी सांगेल. ते खरं नाही. सात दिवसांची मर्यादा पहिल्या लसीपासून मोजतात, चाव्यापासून नाही. तुम्ही अजून एकही लस घेतलेली नाही, त्यामुळे तुमची मोजणी सुरूच झालेली नाही. चाव्याला आठवडे उलटून गेलेला माणूस पहिल्यांदा आला तरी त्याला लशीसोबत सीरम द्यायचं असतं. हा नियम मी मुद्दाम ठळक सांगते, कारण 'आता उशीर झाला' हे वाक्य ऐकून माणसं दारातून परत जातात. रेबीजची लक्षणं सहसा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्याभरात, कधी वर्षानेही. लक्षणं नसेपर्यंत उपाय असतो. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही.

ज्यांनी ज्यांनी तिला हाताळलं, लाळ पुसली, दावं सोडलं, त्या सगळ्यांना बरोबर घेऊन जा. कुणाच्या हाताला काय होतं हे डॉक्टरांनी बघून ठरवू दे. दुधाची भीती बाळगू नका. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. मात्र आजारी जनावराचं दूध काढूच नये, आणि धारोष्ण तर मुळीच पिऊ नये.

प्रश्न: माझं वय ७१. लहानपणी मला पिसाळलेला कुत्रा चावला होता, तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. आता गेल्या आठवड्यात नातवाच्या कुत्र्याने पोटरीला चावलं, रक्त आलं. इंजेक्शनं आधी घेतलेल्यांना सीरम लागत नाही असं वाचलं. मला सीरमाविना चालेल ना? — फोंडा

उत्तर: काका, तुम्ही वाचलंत ते आजच्या लशींबद्दल आहे. तुमची पोटातली इंजेक्शनं त्यात धरता येत नाहीत.

ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. हिमाचलातल्या कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास ती तयार केली, आणि भारतात पिढ्यान् पिढ्या तीच चालली. पोटात रोज एक अशी इंजेक्शनं ज्यांनी घेतली त्यांना तो ताठरलेला पोटाचा भाग अजून आठवतो. माझ्या माहेरच्या वाड्यावर 'चौदा इंजेक्शनं' म्हणूनच पोरांना कुत्र्यांपासून दूर ठेवत. तिची ताकद बेभरवशाची होती, आणि मेंदूच्या ऊतींमुळे काहींना लकवाही व्हायचा. २००४ च्या अखेरीला भारतात तिचं उत्पादन थांबलं. आजची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून करतात, ती दंडात देतात. ती नवी लस पूर्ण घेतल्याची नोंद असेल, तर पुढच्या चाव्याला फक्त दोन डोस पुरतात, एक लगेच आणि दुसरा त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही. जुन्या लसीवाल्यांना ही सूट नाही. तुम्हाला नव्याने सगळं घ्यावं लागेल, सीरमसुद्धा.

नातवाचा कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, हे मी गृहीत धरते. तरी उपचार सुरू करा आणि त्याच वेळी कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट, नेहमीसारखा खातापिता राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं आणि डॉक्टर पुढचा डोस कमी करू शकतात. 'आधी दहा दिवस कुत्रा बघू, मग इंजेक्शन' असा उलटा क्रम अनेक घरांत लावतात. तो लावू नका. हा दहा दिवसांचा हिशेब फक्त कुत्र्या-मांजरालाच लागू आहे, माकड, कोल्हा, मुंगूस यांना नाही.

आणखी एक. गुडघेदुखीसाठी किंवा संधिवातासाठी तुम्ही क्लोरोक्विन जातीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड घेत असाल तर ते सांगायला विसरू नका. त्याने लशीचा परिणाम कमी होऊ शकतो.

प्रश्न: गोवा रेबीजमुक्त झाला असं पेपरात आलं होतं. मग एवढ्या सुया अजून का? — एक शिक्षक, पेडणे

उत्तर: २०२१ मध्ये राज्याला 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर केलं. देशात असं जाहीर झालेलं हे पहिलं राज्य. नियंत्रित म्हणजे रोग हातात आला, नाहीसा झाला असं नाही.

तरी हे काम लहान नाही आणि त्याचा मला गोंयकार म्हणून फार अभिमान आहे. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्रे पकडतात, लस टोचतात, खूण करून तिथेच सोडतात. वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस मिळू लागली. शाळांतून मुलांना धडे दिले. तुमच्या शाळेतही ती मंडळी आली असतील. कुत्र्यांतला रेबीज खूप उतरला, आणि २०१८ पासून काही वर्षं माणसांचे मृत्यू थांबले. एके काळी वर्षाला दहा-पंधरा माणसं जात, त्या राज्यात. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली तर रोगाची साखळी तुटते. पण दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, आणि सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारच्या बाजूने कुत्र्यांना नाका लागत नाही. पेडण्याला तर पलीकडचं गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चावणारा कुत्रा कुठून आला हे कपाळावर लिहिलेलं नसतं. माणसं वाचली त्यात कुत्र्यांच्या लसीचा वाटा मोठा, आणि चावल्यावर वेळेत घेतलेल्या लसी-सीरमचाही. एक चाललंय म्हणून दुसरं सोडलं तर ते मृत्यू परत येतील.

शिक्षक आहात म्हणून एक मागणं: मुलांना शिकवा की कुत्र्याने चाटलं, ओरबाडलं, चावलं तर घरी सांगायचं. मार बसेल या भीतीने मुलं लपवतात.

प्रश्न: भावाला दमा आहे. घोड्याचं सीरम त्याला चालेल का? माणसाच्या रक्ताचं आणायचं तर ते महाग आहे आणि आमच्या भागात मिळत नाही. आधी चाचणी करून घ्यावी का? — मडगाव

उत्तर: चालेल. आजचं घोड्याचं सीरम पूर्वीपेक्षा पुष्कळ शुद्ध असतं आणि गंभीर ॲलर्जी क्वचितच होते. दमा आहे हे आधी सांगा, म्हणजे ॲड्रेनलिन (गंभीर ॲलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून देतील आणि नंतर तासभर बसवून ठेवतील. कातडीवरची चाचणी आता आवश्यक मानत नाहीत. कुणाला त्रास होईल हे ती नीट सांगतच नाही. चाचणीत लाली आली म्हणून सीरम नाकारलेली माणसं असतात, आणि ते फार वाईट. रेबीजपुढे सीरम न देण्यासारखं कारण नसतं.

भावाला पूर्वी साप चावून इस्पितळात विषावरचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा. ते औषधही घोड्यापासूनच बनतं. सीरमनंतर आठवड्याभराने ताप, अंगावर गांधी, सांधे दुखणं असं झालं तर घाबरू नका. डॉक्टरांना दाखवा, औषधांनी ते बसतं.

तिसरा मार्गही आता आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड २०१७ च्या सुमारास बाजारात आणले. त्यात घोडाही नाही आणि माणसाचं रक्तही नाही. मात्रा अगदी कमी, किलोला ३.३३ आययू. उपलब्ध असेल तर तेही तितकंच चालतं, आणि तेही जखमेतच भरायचं. पण महागाचं मिळेपर्यंत थांबू नका. हाताशी जे असेल ते आज घ्या. आणि लस व सीरम एकाच सिरिंजमधून किंवा एकाच जागी कधी देत नाहीत, एवढं बघा.

थोडक्यात उत्तरं देता येतील असे काही प्रश्न:

'लस चालू असताना मासे खावेत का?' खावेत. पथ्य काही नाही. बांगडा, अंडी, मांस, सगळं चालतं.

'कुत्र्याने पाय चाटला, जखम नव्हती.' धुवा. इंजेक्शन नको. मात्र तिथे फुटलेली पुळी किंवा खाजवलेली जागा असेल तर जखम समजा.

'मांजराने ओरखडलं, रक्त नाही आलं.' लस घ्या, सीरम नको. रक्त आलं तर दोन्ही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाला रक्त न येताही सीरम द्यावं लागतं.

'घरातला उंदीर चावला.' रेबीजसाठी सहसा काही लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

'देवळाच्या माळावर माकडाने हात चावला.' लस आणि सीरम, दोन्ही.

प्रश्न: माझी सून सहा महिन्यांची गरोदर आहे. काल वाड्यावरच्या मांजरीने तिचा पाय फोडला, रक्त आलं. पोटातल्या बाळाला धोका होईल म्हणून शेजारी इंजेक्शन नको म्हणतात. — एक सासू, काणकोण

उत्तर: बाळाला धोका इंजेक्शनाचा नाही, रेबीजचा आहे. गरोदरपणात लसही चालते आणि सीरमही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. पाय साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि तिला घेऊन निघा. काणकोणहून मडगावपर्यंत यावं लागलं तर या. आधी फोन करून सीरम आहे का ते विचारा, वाहन नसेल तर १०८ ला कळवा. सरकारी इस्पितळात लस मोफत मिळते. पोचल्यावर दोनच गोष्टी सांगायच्या: रक्त आलंय, आणि ती गरोदर आहे. शेजाऱ्यांशी वाद घालण्यात आजचा दिवस घालवू नका.